दुधनेकाठच्या वखारीतल्या तिरप्या फळ्या

जालन्याकडे जाणारी पॅसेंजर संभाजीनगर स्टेशनातून हलली तेव्हा मी भांडायच्या तयारीत होते. नेमके कोणाशी, ते ठरायचे होते. पण दुधना नदीकाठच्या एका वस्तीतले लाकडी विहार त्या रविवारी पाडले जाणार होते, आणि पाडणारा कोणीतरी असतोच, एवढे मला पुरेसे होते.

बातमी मला छापखान्यात मिळाली. क्रांती चौकाजवळच्या एका लहान छापखान्यात मी पत्रकांचा मजकूर जुळवते. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रके आली. मी अक्षरे ओळखायला शिकले ती ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या शब्दांवर. गेल्या आठवड्यात विशाल नावाचा एक तरुण सुतार पत्रक छापायला आला. वाळूजला यंत्रांसाठी लाकडी खोकी बनवणाऱ्या एका कारखान्यात तो काम करतो. त्याच्या वस्तीत नवे विहार बांधून झाले होते, त्याच्या कार्यक्रमाचे पत्रक होते.

“जुनं रविवारी पाडायचं हाय,” तो सहज बोलून गेला.

“पाडायचं? कोण पाडतंय?”

“आम्हीच.”

“आणि तुम्ही गप्प बसणार?”

“ताई, आम्हीच पाडायलोय म्हणल्यावर बोंब कुणाच्या नावानं मारायची?”

मग त्याने सांगितले, की रुळाला दुसरी लाइन पडणार आहे, वस्तीला वरच्या अंगाला बदली जागा मिळाली आहे, सगळ्यांची संमती आहे. मी ऐकले, पण माझा राग काही खाली बसला नाही. त्या विहाराच्या भिंती निजामाच्या राजवटीत सुरू झालेल्या वखारीतल्या सागाच्या फळ्यांच्या आहेत, असे त्याने जाता जाता सांगितले. कधी काळी रेल्वेसाठी लाकूड चिरणाऱ्या मजुरांची वस्ती, नदीकाठी, आपल्या शहरापासून एवढ्या जवळ, आणि मला तिचे नावसुद्धा माहीत नव्हते. रागापेक्षा कुतूहल जास्त ओढते. मी तिकीट काढले.

मुकुंदवाडी, चिकलठाणा, मग शेंद्र्याच्या कारखान्यांची पत्र्याची छपरे. करमाडच्या पुढे शिवार मोकळे झाले. कापूस फुटला होता, तुरीला पिवळा फुलोरा होता. रुळाच्या उजव्या हाताला दुसऱ्या लाइनीचा मुरमाचा भराव आमच्याबरोबर धावत होता. मधेच तो तुटायचा, पुन्हा सुरू व्हायचा. समोर बसलेल्या बाईला मी डोहगाव कधी येईल ते विचारले. “येतं म्हणण्यापेक्षा जातं,” ती म्हणाली. “गाडी लई कमी थांबती तिथं. आत्ताच दारात उभी ऱ्हा.”

बाईचे ऐकले म्हणून उतरता तरी आले. डोहगावला फलाट असा नाहीच. पायरीवरून थेट खडीवर उडी मारावी लागते. मी मारली, आणि उजव्या चपलेचा अंगठा तुटला. क्रांतीचा आवेश घेऊन आलेल्या बाईने एक पाय घासत वस्तीत शिरावे, ही काही शोभा नव्हती.

थांब्यावर लाकडी स्लीपरच्या (रुळांखाली आडव्या घालायच्या जाड तुकड्यांच्या) एका जुन्या ढिगावर पांढऱ्या टोपीतले एक आजोबा बसले होते.

“कुणाकडं?”

“विशालकडे.”

“कोन्ता इशाल? आमच्याकडं तीन हायेत. एक दारू पितो, एक पीत नाय, अन् एक पीत नाय म्हनतो.”

“सुतारकाम करणारा.”

“मंग तिसरा,” म्हणत ते उठले. माझ्या चपलेकडे बघून त्यांनी ढिगाच्या फटीतून तारेचा एक तुकडा ओढून काढला आणि अंगठ्याला पीळ घालून दिला. “शहरापोत टिकंल. पुढचं तुमचं तुम्ही बघा.”

हे दगडूमामा. नदीपलीकडे त्यांची थोडी शेती आहे. त्यांचे वडील तुळशीराम याच वखारीत लाकूड चिरायचे. मामा वस्तीत राहत नाहीत, पण सकाळी भाकरी खाऊन रोज इकडेच येतात. “तिकडं बोलायला बैल हायेत नुसते,” हे त्यांचे कारण.

वस्तीला सगळे ‘वखार’च म्हणतात. डोहगाव हे नाव फक्त पाटीवर. रूळ आणि नदी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्ट्यात घरांच्या दोन ओळी, मधे सिमेंटची वाट, आणि जिथे-तिथे लाकूड: दाराच्या उंबऱ्याला स्लीपर, गोठ्याच्या खांबाला स्लीपर, ओढ्यावरच्या साकवाला स्लीपर. उन्हात त्यांना अजून डांबराचा उग्र वास सुटतो.

“लाकूड यायचं किनवटच्या जंगलातनं,” मामा चालता चालता सांगत होते. “छोट्या लाइनीच्या मालगाडीच्या वाघिणी भरून. हे इथं, पुलाच्या अलीकडं, वाघिणी उभ्या करायच्या अन् ओंडके उतारावरनं ढकलून द्यायचे डोहात.”

“डोहात कशाला?”

“मुरवायला. कच्चं लाकूड तसंच चिरलं तर पुढं तडकतं. पान्यात पडून ऱ्हायलं, की त्याचा सगळा रस निघून जातो. उन्हाळ्यात डोहाचं पानी चहावानी लाल व्हायचं. आमी पोरं पोहून घरी गेलो, की आई म्हनायची, आला का उकळून.”

आम्ही डोहापाशी उभे राहिलो. पाणी हिरवट, संथ. काठावर एक म्हैस बसली होती. हा डोह एका अख्ख्या उद्योगाचा रांजण होता. इथून निघालेल्या लाकडावरून आपल्या आज्या-पणज्यांच्या गाड्या धावल्या. शाळेत मला रेल्वे कोणी आणली ते शिकवले होते. रुळांखालचे लाकूड कोणी चिरले, ते परीक्षेला नव्हते.

डोहाच्या वर झुडपांत खड्डे होते. आता अर्धे बुजलेले, पण माणूस उभा राहील एवढे. मामांनी काठीने गवत बाजूला केले आणि चिरकाम कसे चाले ते समजावले. खड्ड्यावर ओंडका आडवा ठेवायचा. एक माणूस ओंडक्यावर उभा, एक खाली खड्ड्यात. मधे पुरुषभर लांबीची करवत, तिला दोन्ही टोकांना मुठी. ओंडक्यावर काजळात बुडवलेल्या सुताने रेघ मारलेली असायची. वरचा त्या रेघेवर नजर ठेवून करवत वर ओढायचा, खालचा ती खाली खेचायचा.

“अन् भुसा?” मी विचारले.

“भुसा खालच्याच्या तोंडावर. दुसरीकडं कुठं जाईल?”

फळी तयार झाली, की दोघे पटाशीने, म्हणजे सुताराच्या छिन्नीने, तिच्यावर आपापली खूण करायचे, कारण काम जोडीच्या नावाने मोजले जायचे. वरच्याची खूण फळीच्या वरच्या कडेला, खालच्याची खालच्या कडेला. मामांनी वाळूत बोटाने वडिलांची खूण काढून दाखवली: गोलात फुली. “आमच्या घरी कुऱ्हाडीच्या दांड्यावर हायेच अजून.”

खाली कोण असायचे, हे मी विचारले. मामांनी टोपी सारखी केली. “ते सुभद्रेला विचार. तिचा बाप असायचा.”

सुभद्राबाईंच्या अंगणात तीन दगडांच्या चुलीवर भाकऱ्या चालल्या होत्या. पाडकामाला येणाऱ्या सगळ्यांचे जेवण त्यांच्याकडे होते. सत्तरीच्या आसपासच्या, बारीक अंगाच्या, निळ्या काठाचे पांढरे लुगडे. वही काखेत धरून मी जयभीम घातला, त्यांनीही घातला आणि लगेच हातात कांदे दिले. “बसून लिहिनार असशील तर बस. तवर हे चीर.”

“अक्का, पाहुणी हाय ती,” विशाल मागून आला.

“मंग? पाहुनीला कांदा खायचा नाय का?”

“विशालभाऊ,” मी म्हणाले, “मामा म्हणाले, तुम्ही तिसरे विशाल.”

त्याला ते लगेच कळले, म्हणजे हा विनोद जुना होता. “मामा, माझं लगीन जमायचंय अजून!” तो ओरडला.

“म्हनून तर पाहुन्याला आधीच सांगून ठेवतो. मागून घोळ नको.”

कामाआधीचे ते सकाळचे जेवण साधे आणि जबर होते. ज्वारीची भाकरी, मिरचीचा ठेचा आणि येसराची आमटी. येसर म्हणजे डाळी, धान्ये आणि मसाले भाजून केलेले पीठ. पाण्यात कालवून उकळले, की भाजीची गरजच उरत नाही. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आले. सुभद्राबाईंनी तेलाची वाटी पुढे सरकवली आणि उरलेल्या भाकऱ्या थापता थापता सांगायला सुरुवात केली.

“खड्डा आमचा अन् ओंडका त्यांचा, असंच होतं. माझा आजा खाली, बाप खाली. वर ज्यांच्या शेत्या होत्या ती मानसं. आमच्यातल्या कुणी वर पाय ठेवला, तर मुकादम म्हनायचा, लाकूड बाटंल. लाकूड! जे आमच्याच हातानं डोहातनं वर यायचं.”

“मग?”

“मंग दीक्षा घेऊन आली आमची मानसं. बाप तव्हा जवान होता, किसन त्याचं नाव. दुसऱ्या दिवशी खड्ड्यातल्या सगळ्यांनी करवतीची मूठ सोडली अन् काठावर येऊन बसली. म्हनाली, एका ओंडक्याला तुमी वर, दुसऱ्याला आमी. न्हायतर करवत तुमची तुमीच दोनी टोकांनी ओढा.”

मोर्चे, निवेदने, उपोषणे मी पाहिली आहेत. पण समतेची मागणी इतकी मोजून-मापून, एका ओंडक्याला एक, अशी मांडलेली मी कधी ऐकली नव्हती.

ठेकेदार आधी हसला म्हणे. मग वाघिणी उभ्या राहिल्या, ओंडके डोहात कुजायला लागले आणि त्याचे हसू आटले. मागणी मान्य झाली. किसन पहिल्यांदा ओंडक्यावर चढला आणि तुळशीराम, म्हणजे दगडूमामांचे वडील, पहिल्यांदा खड्ड्यात उतरले.

“अन् फळ्या तिरप्या आल्या,” सुभद्राबाई म्हणाल्या. आवाज होता तसाच होता, फक्त भाकरी थापणारा हात थांबला. “एक न्हाय, दोन न्हाय, ढीगच्या ढीग. ठेकेदारानं सगळ्या फेकून दिल्या. म्हनाला, ह्यांना सूत धरता येत नाय अन् चालले वर चढायला. पुढं समदं सरळ झालं, शिकले. पन नाव पडलं ते पडलं.”

फेकलेल्या त्या फळ्या वस्तीने उचलल्या आणि त्यांचेच विहार उभे केले. तेव्हापासून आसपासच्या गावांत ह्या लोकांना ‘तिरप्या फळीवाले’ म्हणतात. वखार बंद पडली, छोटी लाइन जाऊन मोठी आली, लाकडी स्लीपरच्या जागी सिमेंटचे आले. शब्द मात्र तसाच राहिला.

“माझ्या बहिणीला बघायला करमाडहून पाहुणे आले,” विशाल म्हणाला, “तर चहाचा कप खाली ठेवायच्या आधी विचारलं, तुम्ही त्या तिरप्या फळीचेच का? हसत हसत. लई हसत.” तो माझ्याकडे वळला. “म्हणून मी म्हणतो, ताई, फळ्या घ्यायच्या, रंधा मारायचा, दोन्ही अंगानं सरळ करायच्या अन् नव्या विहारात मूर्तीच्या मागं आरशावानी लावायच्या. साग हाय, वाया घालवायचा नाय. पण तिरपेपण संपवायचं. आजच.”

“अन् मी म्हनते, माझ्या बापाच्या फळीला हात लावायचा नाय,” सुभद्राबाई म्हणाल्या. “दाराच्या उजव्या अंगाची पहिली. तो वर चढला त्या दिवसाची. त्याचा फोटू नाय, कागुद नाय, काय नाय. ती तासली, की भुशातच गेला पुन्हा माझा बाप.”

भांडायच्या तयारीने आले होते मी, आणि इथे भांडण होते, पण माझ्या ओळखीचे एकही नाही. दोघांचेही मला पटत होते. एकाला टोमणा पुसायचा होता, दुसरीला माणूस राखायचा होता, आणि दोन्ही गोष्टी त्या एकाच फळीत होत्या.

विहार डोहाच्या वरच्या अंगाला होते, एका खोलीचे, वर पत्रे. फळ्या उभ्या लावलेल्या, सांध्यांवर पट्ट्या ठोकलेल्या आणि सगळ्यावर निळ्या ऑइलपेंटचे जाड थर. सकाळचे ऊन बाजूने पडत होते, त्यात ती भिंत वाऱ्यावरच्या कापडासारखी दिसत होती, कुठे फुगलेली, कुठे दबलेली. मूर्ती आधीच नव्या जागी गेली होती. सगळ्यांनी उभ्यानेच वंदना म्हटली, मग पत्रे उतरले. बायकांनी पत्रे वाहिले, पुरुषांनी पट्ट्या उपसल्या. मला खिळे गोळा करायचे काम मिळाले.

दाराच्या उजव्या अंगाची पहिली फळी विशालने स्वतः सोडवली. दोघांनी ती उचलून दोन घोड्यांवर (सुताराच्या लाकडी तिवयांवर) आडवी ठेवली. सुभद्राबाई आल्या आणि त्यांनी फळीवर तळहात ठेवला.

“फिरव रंधा. माझ्या हातावरनं फिरव.”

“अक्का, असं काऊन करती?”

“फिरव की.”

माणसे गोळा झाली. कोणी विशालच्या बाजूने बोलले, कोणी अक्काच्या. एक बाई म्हणाली, “अगं सुभद्रे, पोरींची लग्नं व्हायचीत आमच्या.” सुभद्राबाईंनी हात काढला नाही.

विशालने रंधा खाली ठेवला. “बरं. नुसतं बघू तरी दे, किती तासावं लागंल.” त्याने पिशवीतून गुण्या (काटकोन तपासायचे सुताराचे साधन) काढला आणि फळीच्या जवळच्या कडेला लावून हळूहळू पुढे सरकवत नेला. टोकाला पोचला. परत आला. पुन्हा गेला.

“काय झालं?” मी विचारले.

“ही कड सरळ हाय.”

“सरळ कशी आसंल?” मागून कोणी म्हणाले.

“सरळ हाय म्हणलं ना! जाडी बघा. इथून तिथपर्यंत एकसारखी. कारखान्यात मशीनवर येती तशी.” तो वळसा घालून पलीकडच्या कडेला गेला. तिथे गुण्या लावायचीही गरज नव्हती. ती कड एका जागी दोन बोटे जाड होती, पुढे बोटभर, पुन्हा जाड, साप गेल्यासारखी. फळीचे सगळे तिरपेपण त्या एका कडेला होते. इतकी वर्षे दोन्ही कडा पट्ट्यांखाली झाकलेल्या, वरून रंग, आणि फुगलेला भाग कोणत्या कडेचा, हे बघायची गरज कोणालाच वाटली नव्हती.

सुभद्राबाई सरळ कडेच्या टोकाशी वाकल्या. नखाने मातीचा थर काढला. खाली पटाशीचे तीन घाव होते, कोंबडीच्या पायासारखे.

“हा माझा बाप,” त्या म्हणाल्या.

एव्हाना दगडूमामा गर्दीतून पुढे आले होते, काहीतरी चेष्टा ओठांवर घेऊनच. त्यांनी नागमोडी कडेच्या टोकाकडे पाहिले. तिथे गोलात फुली होती. मामांची चेष्टा ओठांवरच राहिली.

विशालने घाईघाईने दुसरी फळी सोडवली, तिसरी सोडवली. भिंतीच्या सुरुवातीच्या सगळ्या तशाच निघाल्या. वरच्या माणसाची कड सरळ, खालच्याची भरकटलेली. म्हणजे रेघ चुकली नव्हती. वर चढलेल्यांनी पहिल्याच दिवशी रेघ धरली होती. चुकली होती ती खालची खेच, कारण खाली पहिल्यांदाच उतरलेली माणसे होती. डोळ्यांत भुसा, मान वर, दिसत काही नाही आणि तरीही करवत सरळ ओळंब्यात खाली आणायची, हे काम त्यांना येत नव्हते. ते काम आहे, हेच कोणाला माहीत नव्हते.

मामा फळीजवळच उभे होते. “म्हंजी इतके दिस आमी तुमाला जे म्हनत आलो,” ते म्हणाले, “ते आमच्याच बापाचं?”

कोणीतरी फस्सकन हसले. मलाही आतून उकळी फुटत होती. ओरडावे, सगळ्या गावांना बोलावून ही कड दाखवावी, असे वाटत होते. पण सुभद्राबाई हसल्या नाहीत.

“तुझ्या बापाच्या डोळ्यात भुसा गेला आसंल, दगडू. सवय नव्हती त्याला.”

“नव्हती की.”

“माझ्या बापाला जलमाची होती.”

“तरीबी उतरला बरं का तो,” मामा हळू म्हणाले. “बाकीचे दोघं-तिघं काम सोडून गेले, ह्यो उतरला.”

“उतरला,” सुभद्राबाई म्हणाल्या. “त्याला कुनी न्हाय म्हनलं का? पन वर येऊन कुनाला सांगितलं न्हाय त्यानं, की चूक खाली झाली. ते सांगायला पायजे होतं.”

मामांनी मान खाली घातली. मग विशालला म्हणाले, “तासू नको रे. हाय तशी ऱ्हाऊ दे.”

“ते आता सांगायची गरज नाय, मामा.” विशालने रंधा पिशवीत टाकला होता. तो फळीभोवती फिरत होता, आणि मघाशी बहिणीचे सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जे होते ते आता नव्हते. “भिंतीला लावायचीच नाय ही. दारातच उभी करतो, मोकळी, दोन्ही कडा दिसतील अशी. करमाडचे पाहुणे आले, की आधी हिच्यासमोर उभं करायचं, मंग चहा.”

“आमची कड भिंतीकडं करू नको,” मामा म्हणाले. “लोकांकडं कर. मी जित्ता हाय तवर मी सांगत जाईन, ही कुनाची ते.”

“मंग तुला रोज यावं लागंल, दगडू,” सुभद्राबाई म्हणाल्या.

“रोज येतोच की.”

“येतो, पन बसून ऱ्हातो. आता काम कर.”

दुपारी उशिरा मला गाडीवर सोडायला विशाल आला. परतीच्या डब्यात खिडकीची जागा मिळाली आणि मी वही उघडली. वखारीचा इतिहास लिहायचा होता: लाकूड कुठून आले, लाइन कशी बदलली, वस्ती कशी उरली. त्याऐवजी मी एकच शब्द लिहिला आणि त्याखाली रेघ मारली: ‘अकुशल’. आमच्या छापखान्यात नोकरीच्या जाहिराती येतात, त्यांत हा शब्द मी कितीतरी वेळा जुळवला आहे. अकुशल कामगार पाहिजेत. कोणी ठरवले? ठेकेदाराने फेकायच्या आधी फळी हातात घेतली असणार. त्या वखारीतल्या प्रत्येक माणसाला खुणा वाचता येत होत्या. पण खालचे काम कोणालाही येते, हे इतके पक्के ठरलेले होते, की चूक वरच्या नवख्यांचीच असणार, हे फळी न उलटताच सगळ्यांना पटले. ज्यांच्यावर आळ आला, त्यांनाही.

वर चढायचा हक्क मागावा लागतो, हे मला लहानपणापासून पाठ आहे. खाली राहून माणसे जे शिकलेली असतात तीही विद्या आहे, आणि तिची चोरी रोज होते, हे मला कोणत्याही पत्रकाने सांगितले नव्हते.

करमाडला समोर एक माणूस येऊन बसला, तिशीचा, कंपनीचा निळा शर्ट, डबा मांडीवर. वाळूजला तिसऱ्या पाळीला निघाला होता. माझ्या चपलेची तार बघून त्याने विचारले, “कुठून आल्या, ताई?”

मी सांगितले. फळीचे सांगताना शब्द पुरेनात, मग हातांनी दाखवले: हा वर, हा खाली, ही करवत, हा भुसा. तो पुढे सरकून ऐकत होता.

“मी खड्ड्यातच असतो,” तो म्हणाला. “गाडी वर उभी करतात, मी खालून नट बघतो. ऑइल गळतं तोंडावर. वरून साहेब विचारतो, झालं का? मी झालं म्हणलं, तरच गाडी पुढं सरकती.”

“आणि गाडीत काही चुकलं तर?”

“तर खालच्याचं चुकलं.” तो हसला. “बरोबर निघाली, तर साहेबाची.”

शेंद्र्याचे दिवे लागायला सुरुवात झाली होती. त्याने डबा बाजूला ठेवला.

“ती फळी कोणालाबी बघू देतात?”

“देतात. एक मामा सांगायला असतात.”

“कोणत्या ठेसनावर उतरायचं म्हणाल्या?”

“डोहगाव. पण आधीच दारात उभं राहा. गाडी फार थांबत नाही.”

त्याने नाव मोबाइलमध्ये टिपून घेतले, मला वाचून दाखवले आणि विचारले, बरोबर आहे ना. मी बरोबर आहे म्हणाले. मग मुकुंदवाडी येईपर्यंत तो त्या दोन माणसांबद्दल विचारत राहिला. वरच्याबद्दल थोडे. खालच्याबद्दल जास्त.